हात पोचेल तिथं, हवा लागणार नाही तिथं

फोडणी कोणासाठी थांबत नाही. तेल तापलं, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद एकापाठोपाठ एक पडायला हवं. हिंगाची डबी शोधण्यात वेळ गेला तर मोहरी करपते आणि सगळी आमटी कडवट होते. या घाईवर मराठी स्वयंपाकघराने फार पूर्वी उत्तर काढलं, ते म्हणजे मिसळणाचा डबा. एक गोल डबा, आत सात वाट्या, एक बारका चमचा, वाट्यांवर बसणारं आतलं झाकण आणि त्यावर बाहेरचं घट्ट झाकण. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, धने-जिऱ्याची पूड, गोडा मसाला. कुठल्या वाटीत काय हे घराघरांत बदलतं. पण एकदा ठरलं की त्या घरात वर्षानुवर्षं तेच राहतं, आणि हात न बघता योग्य वाटीत जातो.

या डब्याचं खरं शहाणपण मात्र त्याच्या लहानपणात आहे. त्यात मसाला मावतो तो आठ-दहा दिवसांचा. बाकीचा वर्षाचा साठा कपाटात, बंद डब्यात, अंधारात असतो. हळदीचा रंग उजेडाने उतरतो, तिखटाची लाली फिकी पडते, धने-जिऱ्याचा वास झाकण उघडताच थोडा थोडा उडून जातो. रोज दहा वेळा उघडला जाणारा डबा आणि महिन्यातून दोनदा उघडला जाणारा डबा वेगळे ठेवले की नुकसान होतं ते फक्त लहान डब्यातल्या चार चमच्यांचं. शिवाय कढईच्या वाफेवर धरलेला चमचा ओलसर होऊन परत आलाच, तर गोळे होतात ते वाटीभर तिखटाचे; वर्षाचं तिखट सुखरूप राहतं.

स्वयंपाकघर लावताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. या वस्तूकडे हात किती वेळा जातो? आणि या वस्तूला भीती कशाची आहे? पहिल्या प्रश्नावरून जागा ठरते, दुसऱ्यावरून डबा. हल्ली स्वयंपाकघर लावण्याच्या ज्या कल्पना सुचवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या दोन प्रश्नांच्या आधीच रंगसंगतीपाशी जाऊन थांबतात. एकसारख्या काचेच्या बरण्यांची रांग खिडकीतल्या उन्हात छान दिसते. तिच्यात राजमा, छोले, मसूर ठेवायला काही हरकत नाही. तिखट आणि हळद तिथे ठेवली तर ती दर आठवड्याला थोडी थोडी फिकी होत जातात. शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर तेलाची बाटली आणि मसाले ठेवण्याची पद्धतही तशीच. हाताला सोयीची, पण उष्णतेने तेल लवकर खवट होतं आणि वाफेने मसाले ओलावतात. शेगडीच्या बाजूला हातभर अंतरावर तीच फळी घेतली तर सोय तेवढीच राहते आणि माल टिकतो.

भीतीचा हा विचार जुन्या घरांनी फार बारकाईने केला होता. दुधा-दह्याला भीती मांजराची आणि मुंग्यांची, म्हणून ती आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यात. शिंकाळं जमिनीपासून दूर, भिंतीपासून दूर, चहूबाजूंनी हवा खेळती. मग जाळीचं कपाट आलं. त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवायचे, म्हणजे मुंगीला वर चढायला वाटच नाही. गुळाच्या डब्याखाली आजही कित्येक घरांत पाण्याची ताटली असते. लोणच्याला भीती धातूची, कारण आंबट आणि खारट रस धातूला खातो. म्हणून त्याला चिनी मातीची बरणी आणि तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसून ठेवायच्या, म्हणजे त्या लवकर खवट होत नाहीत, हेही अनेक घरांतलं रोजचं ज्ञान. एका डब्यात दोन वस्तू मावल्या हा वरचा फायदा.

धान्याची गोष्ट सगळ्यांत मोठी, कारण धान्य खाणारे वाटेकरी फार. तांदळात टोके, गव्हात सोंडे, कडधान्यात भुंगे, रव्यात अळ्या आणि जाळी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य वाळवून भरायचं ते उगाच नाही. दाण्यातला ओलावा कमी झाला की किडीला वाढायला जड जातं, बुरशीही धरत नाही. तांदळाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरवला की दाण्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि किड्याला अंडी घालणं कठीण होतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला, तिखटात हिंगाचा खडा, भाजून ठेवलेला रवा हे सगळे त्याच घराण्यातले उपाय. बोरिक पावडर मात्र धान्याला लावू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. ज्या पावडरीने झुरळं मारतात ती दाण्यावर चोळून, मग धुतली जाईल या भरवशावर राहणं बरोबर नाही. ती पांढरी पूड स्वयंपाकघरातल्या फळीवरही असू नये. मीठ, पिठीसाखर, तांदळाचं पीठ यांच्यात ती सहज मिसळून जाते.

साठवणीतलं सगळ्यांत सुंदर उदाहरण कुठल्याच स्वयंपाकघरात नाही. ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखाली आहे. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल पोकळी, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की आतला माल आणि चुकून आत गेलेले किडे मिळून उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साठतो आणि कीड गुदमरून मरते. औषध नाही, वीज नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. आधी आतली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. 2005 च्या कृष्णेच्या महापुरात यांतली बरीचशी पेवं निकामी झाली, आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या साठवणीचीही पुन्हा आठवण निघाली.

पेवाचा धडा घरातल्या कपाटापर्यंत आणता येतो. हवाबंद डबा गच्च भरलेला असेल तरच तो खऱ्या अर्थाने हवाबंद. तळाशी दोन वाट्या रवा आणि वर डबाभर हवा असेल, तर झाकण कितीही घट्ट असो, किड्याला श्वास घ्यायला भरपूर जागा असते. म्हणून जिन्नस कमी होत गेला की तो लहान डब्यात काढावा. लहान होत जाणाऱ्या डब्यांचा जुना संच, एकात एक बसणारा, याच कामाचा. उरलेले मोठे डबे रिकामे झाले की एकमेकांत जातात आणि फळीवरची जागाही सुटते.

पत्र्याच्या कोठीतही अशीच एक युक्ती आहे, जी आताच्या चकचकीत डब्यांत हरवली. गहू वरून ओतायचा आणि खालच्या बाजूच्या छोट्या तोंडातून काढायचा. जुना गहू आधी बाहेर येतो, नवा वर राहतो. आपोआप. साध्या डब्यात नेमकं उलटं होतं. नवीन पिशवी जुन्या डाळीवर ओतली जाते, वरची संपत राहते, तळातली चार बोटं डाळ वर्षभर तशीच बसते आणि कीड तिथून सुरू होते. ज्यांच्याकडे कोठी नाही त्यांनी नवं भरण्याआधी जुनं वेगळ्या भांड्यात काढावं, डबा पुसून उन्हात ठेवावा, नवं खाली आणि जुनं वर. पाच मिनिटांचं काम आहे.

कांदे-बटाट्यांचं भांडण तर घरोघरी. दोघांना एका टोपलीत टाकण्याची सवय इतकी रुळलेली, की विक्रेतेही कांदे-बटाट्यांसाठी म्हणून एकच जाळीचा रॅक विकतात. बटाट्याला अंधार हवा. उजेडात तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांद्याला हवा हवी. नाशिक भागातली कांदाचाळ पाहिली की हे लगेच कळतं. जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी असलेल्या बांबूच्या किंवा लाकडाच्या भिंती, वर छप्पर. उन्हाळ कांदा त्यात चार-पाच महिने राहतो, कारण वारा खालूनही येतो आणि बाजूनेही. अलिबागचे शेतकरी पांढऱ्या कांद्याच्या पातींची वेणी घालून माळा करतात आणि त्या टांगून ठेवतात. एकही कांदा दुसऱ्याच्या ओझ्याखाली दबत नाही. फ्लॅटमध्ये हेच करायचं तर खिडकीजवळ टांगलेली तारेची टोपली कांद्याला आणि ओट्याखालचा काळोखा, कोरडा कप्पा बटाट्याला. टोपली टांगली की जमिनीवरची एक चौरस फूट जागाही परत मिळते.

मुंबईच्या चाळींनी जागेचं गणित या सगळ्यांहून कठोरपणे मांडलं. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एक खोली 160 चौरस फुटांची. त्यातच मोरी, त्यातच चूल, त्यातच झोपणं, पाहुणे, अभ्यास, बाळंतपणं. अशा खोलीत स्वयंपाकघर म्हणजे एक कोपरा होता. जमीन मिळत नाही म्हटल्यावर घरं भिंतीवर चढली. पोटमाळ्यावर पापड-कुरडयांचे उंच डबे आणि गणपतीतली मोठी पातेली, त्याखाली फळी, फळीच्या खालच्या अंगाला ठोकलेल्या आकड्यांवर कपांची रांग, भिंतीला स्टीलची मांडणी. या मांडणीचं कौतुक पुरेसं झालेलं नाही. ताटांसाठी उभ्या खाचा, वाट्यांसाठी जाळी, पेल्यांसाठी कठडा, चमच्यांसाठी बाजूला नळकांडं. भांडी घासून ओलीच मांडणीवर लावली तरी पाणी निथळून जातं आणि भांडी उभ्या-उभ्या वाळतात. वाळत घालण्याची जागा आणि ठेवण्याची जागा एकच. ज्या खोलीत माणसांनाच पाठ टेकायला जागा शोधावी लागे, तिथे ही बचत साधी नव्हती. आता त्यांतल्या बऱ्याच चाळींच्या जागी उंच इमारती होत आहेत आणि रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळत आहेत. नव्या घरात पहिल्यांदाच स्वतंत्र स्वयंपाकघर येतं. मांडणीला गावंढळ ठरवून ती भंगारात देण्याआधी, तिचं काम दुसरं कोण करणार याचा विचार व्हावा.

ओटा आला तेव्हा आणखी एक मोठा बदल झाला, आणि त्याचे परिणाम आपण अजून निस्तरतो आहोत. चुलीपुढे पाटावर बसून रांधणाऱ्या बाईच्या हाताच्या कक्षेत सगळं जमिनीलगत असे. डावीकडे पीठ, उजवीकडे पाण्याचा तांब्या, समोर चूल, मागे कोनाड्यात मीठ. गॅस आला, स्वयंपाक उभ्याने सुरू झाला, कक्षा कमरेपासून खांद्यापर्यंत सरकली. साठवण मात्र बराच काळ खालीच राहिली. ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्यांचे दोन फूट खोल कप्पे आणि त्यांवर पडदा. पुढे रोजचे डबे, मागे काय आहे ते कोणालाच माहीत नाही. साबुदाण्याची तीन पाकिटं एका घरात निघतात ती या खोल कप्प्यांमुळे. (हा काळा कडप्पा चुनखडीचा असतो. त्यावर लिंबू पिळलं किंवा कोकमाचं आगळ सांडलं तर पांढुरका डाग कायमचा बसतो. पुढे ग्रॅनाइटने त्याची जागा घेतली त्यामागे हेही एक कारण.)

ट्रॉलीने हा प्रश्न सोडवला, आणि मराठी घरांनी ती इतक्या लवकर स्वीकारली यात नवल नाही. ट्रॉली कप्प्याची मागची बाजू पुढे आणते. गुडघे दुखणाऱ्या बाईला वाकून, डोकं आत घालून डबा शोधावा लागत नाही. पाइपचा गॅस आल्यावर तर ओट्याखालची सिलिंडरची जागाही मोकळी झाली आणि बऱ्याच घरांनी तिथे आणखी एक उंच ट्रॉली बसवली. जिथे सिलिंडर अजून आहे तिथे मात्र त्याचा कप्पा बंद करून टाकू नये. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवीच. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका, तो वर जातो. तिथे वरची खिडकी महत्त्वाची.

उंचीचा नियम जुन्या उतरंडीत आहेच. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. वीस किलोंचा पिठाचा डबा वरच्या फळीवरून उतरवताना झालेल्या दुखापती घरोघरी ऐकू येतात. जड ते खाली, रोजचं ते कमरेपासून डोळ्यांपर्यंत, वर्षातून एकदा लागणारं ते माळ्यावर. चकलीचा सोऱ्या दिवाळीत उतरतो, पुरणयंत्र होळीला. त्यांनी ओट्याजवळची जागा अडवून ठेवण्याचं कारण नाही. कोकणात पावसाळ्याआधी भरलेली सुकी मासळीही अशीच, तिला घट्ट पत्र्याचा डबा आणि चहा-साखरेपासून लांबचा कोपरा. मासेमारी बंद असते त्या आषाढी दिवसांत तिच्याकडे हात रोज जातो, तेव्हा तो डबा खाली येतो. जागा ऋतूप्रमाणे बदलायला काहीच हरकत नाही.

जागा ठरली की प्रश्न उरतो तो डब्यात काय आहे हे ओळखण्याचा. डब्यावर नाव लिहिण्याची कल्पना जुनी आहे. 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. रेल्वेच्या भोजनयानातला छोटा स्वयंपाककक्ष त्यांच्यासमोर होता. तशा सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. त्यात भिंतीतून ओढून काढायचे ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, प्रत्येकाला मूठ आणि ओतायला चोच, वर जिन्नसाचं नाव. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिनमुळे पिठात कीड होत नाही असं मानलं जाई. हात आणि भीती हे दोन्ही प्रश्न त्या बाईंनी बरोबर विचारले होते. टीका झाली ती दुसऱ्या गोष्टीवर. त्या खोलीत एका वेळी एकच माणूस काम करू शकत होता.

मराठी स्वयंपाकघराची अडचण इथेच येते. आपली व्यवस्था उत्तम होती, पण ती बहुतेकदा एकाच बाईच्या डोक्यात होती. बिस्किटांच्या डब्यात पोहे, पोह्यांच्या डब्यात शेंगदाणे, पिवळ्या डालडाच्या डब्यात ज्वारीचं पीठ, कॉफीच्या बाटलीत वेलदोडे. तिला सगळं ठाऊक. बाहेरचा डबा काहीही म्हणो, आत काय आहे ते तिचा हात जाणतो. ती आजारी पडली, माहेरी गेली, वारली, की घर चार दिवस नुसतं झाकणं उघडत बसतं. या अदृश्य ज्ञानाचं आपण पुष्कळ कौतुक केलं. त्यामुळे सगळा स्वयंपाक कायमचा तिच्याच गळ्यात पडला, हे फारसं बोललो नाही. नवरा, मुलगा, सून, नातू, कामाला येणाऱ्या मावशी, कोणालाही चहा-उपमा विचारल्याशिवाय करता यावा अशी रचना हवी असेल, तर जुन्या डब्यांची अदलाबदल थांबवावी लागते, किंवा निदान डब्यावर नाव तरी लिहावं लागतं.

त्यासाठी छापील नावपट्ट्या विकत आणण्याची गरज नाही. कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि शाईचं पेन पुरतं. धुताना निघते, पुन्हा लावता येते. पट्टी झाकणावर लावू नये, डब्याच्या अंगावर लावावी, कारण झाकणं बदलतात. ट्रॉलीत उभ्या ठेवलेल्या डब्यांना मात्र वरूनच बघतात, तिथे नाव झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे. तांदळाचं पीठ, मैदा, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा या पाच पांढऱ्या पुडींना तर नाव हवंच हवं. वयस्कर डोळ्यांसाठी अक्षर मोठं, मुलांसाठी लाडू आणि पाण्याचे पेले त्यांच्या उंचीच्या फळीवर. आणि नावाखाली भरल्याचा महिना. ‘गोडा मसाला, मे’ एवढं जरी लिहिलेलं असलं, तरी पुढच्या उन्हाळ्यात नवा करायचा की आधी जुना संपवायचा, हे घरातलं कोणीही डबा उचलून ठरवू शकतं.